जन्मतः गुन्हेगार?

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. १९५२ मध्ये तो रद्द झाला. संशय मात्र उरला. २००३ साली जालना जिल्ह्यात घडलेल्या एका निर्घृण गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा गरीब मजूर पकडले गेले. प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून चार निराळेच इसम ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देवविली. गेलेली सोळा वर्षे कोण परत देणार?

अशा जमातींच्या हक्कांसाठीचा कृतिगट गणेश देवी, महाश्वेता देवी व लक्ष्मण गायकवाड यांनी १९९८ मध्ये आपल्या बडोद्यातच स्थापिला, हे सुभानपुऱ्यातील आपण विसरू नये. अटक झालेल्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी, जखमांची नोंद व तिची प्रत त्या व्यक्तीस देणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ नुसार बंधनकारक आहे. शासकीय वैद्यकीय अधिकारी उपलब्ध नसल्यास हे काम नोंदणीकृत खासगी डॉक्टरकडेही येते. त्या वेळी जमात न पाहता जखम पाहावी आणि जे दिसेल ते निर्भयपणे लिहावे.