पणजीचं माहेर आणि ड्रॉप टेबल

परवा आमच्या टीममधला एक अमेरिकन कॉलवर भलताच खुशीत होता. त्याला १९५० च्या जनगणनेत त्याचे आजोबा सापडले. नाव, वय, पत्ता, धंदा, सगळं गणकाच्या अक्षरात. तिकडे कायदाच आहे, ७२ वर्षं झाली की मूळ कागद खुले. १९५० चे १ एप्रिल २०२२ ला खुले झाले, तेही फुकट. इंग्लंडात हीच मुदत १०० वर्षांची.

म्हटलं, आपणही बघू.

माझी पणजी लालबागच्या चाळीत राहायची, पणजोबा गिरणीत. तिचं माहेर कुठलं? आजीची बहीण म्हणते राजापूरकडचं, काका म्हणतात छे, घाटावरचं. गावच्या जमिनीच्या कागदांत पणजोबा आहेत. त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या वहीत तर त्यांचे आजोबासुद्धा आहेत. बाप्यांची नुसती रांग लागलीय. पणजीच्या माहेराचा मात्र कुठे पत्ता नाही.

आणि इथेच माझं डोकं फिरलं. कारण २६ फेब्रुवारी १९३१ च्या रात्री देशभर गणना झाली. तक्त्यात प्रत्येक माणसाची ओळ वेगळी, बाईचीसुद्धा. त्यात जात, धंदा, मातृभाषा यांच्या रकान्यांबरोबर जन्म कुठल्या जिल्ह्यात झाला हाही रकाना होता. म्हणजे आमच्या घरातल्या भांडणाचं उत्तर कोणीतरी शाईने लिहून ठेवलं असणार! मग बेरजा झाल्या, जाडजूड अहवाल छापले, आणि मूळ तक्ते गेले रद्दीत. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले किती लोक तेव्हा मुंबईत होते, हे आजही सापडेल. त्यात माझी पणजी होती का, ते नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर रिपोर्ट ठेवला आणि टेबल ड्रॉप केलं. बॅकअप न घेता.

बरं, ते इंग्रजांचं झालं. आपण काय केलं? १९४८ चा जनगणना कायदा, कलम १५. या नोंदी बघायचा हक्क कोणालाही नाही. कधीपर्यंत? मुदतच नाही. शंभर वर्षांनी नाही, हजार वर्षांनीही नाही.

आता कोणी म्हणेल, गुप्तता नको का? हवीच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबायला जनगणनेचाच डेटा वापरला होता. आपल्याकडे तर नावापुढे जात आली की काय काय होतं ते मी सांगायला नको. भीती खरी आहे. पण ती जिवंत माणसांची. शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या बाईचं माहेर लपवून आपण नक्की कोणाचं रक्षण करतोय?

ऑस्ट्रेलियाने यावर साधा तोडगा काढला. तेही फॉर्म नष्टच करायचे. २००१ पासून त्यांनी प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली, तुमची नोंद ९९ वर्षं कुलपात ठेवून मग खुली केली तर चालेल का? पहिल्याच वेळी निम्म्याहून जास्त लोक हो म्हणाले. ज्याला नको त्याची नोंद जात नाही. एक चेकबॉक्स, संपलं काम.

आपली २०२७ ची जनगणना कागदावर नाही, ॲपवर. नाव आहे, १९३१ नंतर पहिल्यांदाच सगळ्यांची जातही आहे. गोदाम नको, वाळवी नाही, स्टोरेज स्वस्त. मग चेकबॉक्स टाकायला आणि कलम १५ मध्ये 'शंभर वर्षांपर्यंत' हे दोन शब्द घालायला काय जातं? इथे २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला गावोगाव मोडी वाचणारी माणसं धुंडाळावी लागली. जुन्या कागदात एक नाव सापडलं तर काय होतं ते अख्ख्या राज्याने पाहिलंय.

आजीची बहीण आता ९१ वर्षांची आहे. काल फोन केला तर म्हणाली, "राजापूरच रे. काकाला काय कळतंय?" मी ते फाइलमध्ये टाइप केलं, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि सेव्ह केलं.