मेसचा डबा बंद झाला की विद्यार्थी काय खातो?

बाबासाहेब लंडनमध्ये शिकताना रात्री पापड भाजून खात आणि पुन्हा वाचायला बसत, ही गोष्ट आपल्याकडे दर जयंतीला सांगितली जाते. सकाळपासून चहा-बिस्किटावर असलेला एखादा बी.ए.चा मुलगाही ती ऐकून टाळ्या वाजवतो. उपाशी राहून शिकणे म्हणजेच संघर्ष, असे त्याच्या मनावर ठसते आणि मग आपल्या भुकेबद्दल तो कोणापाशी बोलत नाही. पण बाबासाहेबांनी त्या पापडाचा आदर्श कधी केला नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्येच सोलापूरला वसतिगृह उघडले. वसतिगृह म्हणजे छप्पर, आणि त्याआधी दोन वेळचे जेवण.

आज शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे. त्या वेळी ठरलेल्या दरानुसार मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला 60 हजार रुपये, त्यात भोजन भत्ता 32 हजार. दहा महिन्यांचे शैक्षणिक वर्ष धरले तर महिन्याला 3,200, म्हणजे एका जेवणाला साधारण 53 रुपये. यात नाश्ता नाही, चहा नाही. तरीही खरी अडचण रकमेपेक्षा तारखेची आहे. खानावळवाला महिन्याचे पैसे आगाऊ मागतो, स्वाधारचा हप्ता मात्र अर्ज, पडताळणी आणि निधी यांच्या वाटेने येतो. हप्ता उशिरा मिळण्याची तक्रार दरवर्षीची आहे. मुले उपाशी राहतात ती कॉलेज सुरू झाल्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंतच्या महिन्यांत.

ही भूक दिसत नाही, कारण ती उपासमारीसारखी नसते. दोन वेळची मेस एक वेळची होते. एक डबा दोघांत जातो. रात्री वडापाव. पोट भरते, पण डाळ, भाजी, अंडे ताटात नसते. मुलींचा प्रश्न आणखी बिकट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. वर्गात डुलकी घेणारी मुलगी आळशीच असते असे नाही, पण हे तिला विचारतो कोण? कॉलेज हजेरी मोजते, फी मोजते. जेवण मोजत नाही.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाने निदान मोजणी तरी केली. तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाच्या 2024 च्या अहवालानुसार 2020 मध्ये 23 टक्के कॉलेज विद्यार्थ्यांना पुरेशा अन्नाची खात्री नव्हती. त्यांच्यातल्या सरकारी अन्नसाहाय्याला पात्र ठरू शकणाऱ्यांपैकी 59 टक्के जणांना ते मिळतच नव्हते. मिशिगन स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांनीच चालवलेली फूड बँक 1993 पासून आहे. आज अशा फूड बँका तिथे शेकडो कॉलेजांत आहेत. त्यांनी अनेकांची वेळ भागवली, हक्काच्या योजनेची जागा मात्र त्या घेऊ शकल्या नाहीत. आपणही फूड बँक काढताना हे लक्षात ठेवलेले बरे, नाहीतर शासन म्हणेल, समाज करतोच आहे की!

आणि समाज करू शकतो, यात शंका नाही. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखोंना आपलीच माणसे जेवू घालतात. जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा खर्च किती, हे प्रत्येक मंडळाला माहीत आहे. त्यातला काही भाग जुलै ते ऑक्टोबर या काळासाठी बाजूला काढता येईल. कॉट बेसिसवर राहणाऱ्याकडे शेगडी नसते, त्याला तांदूळ-डाळ देऊन उपयोग नाही. त्याच्यासाठी जवळच्या खानावळीचे पैसे भरावेत. खोली करून राहणाऱ्या मुलींना विहारातून धान्य, तेल, शेंगदाणे द्यावेत. फोटो नको, बॅनर नको, नावांची यादी भिंतीवर नको. ज्याचा फोटो निघतो तो पुढच्या महिन्यात येत नाही.

आळवीतल्या भुकेल्या शेतकऱ्याला आधी जेवू घालायला सांगून मगच बुद्धांनी देशना दिली, ही कथा विहारात आपण ऐकतो. आपल्या अभ्यासिकांत मात्र पुस्तके आहेत, वायफाय आहे, महापुरुषांच्या तसबिरी आहेत, जेवणाची सोय बहुधा नसते.

जेवण देतानाच प्रत्येकाकडून एवढे लिहून घ्यावे: स्वाधारचा अर्ज कधी भरला, हप्ता कधी आला, मधले किती दिवस मेस बंद होती. नाव नसले तरी चालेल. एका जिल्ह्यातल्या दोनशे मुलांच्या अशा नोंदी घेऊन समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांसमोर बसलेल्या शिष्टमंडळाला ‘निधी आला की बघू’ एवढ्या उत्तरावर परत पाठवणे सोपे जाणार नाही.