साक्षीदाराची जागा

सामाजिक प्रश्नावर मांडणशिल्प करायचं ठरलं की हल्ली पहिला विचार येतो तो प्रेक्षकाला ‘तो अनुभव’ देण्याचा. विषय स्थलांतराचा असला की कोंदट पत्र्याची खोली, तुरुंगाचा असला की कोठडी, दंगलीचा असला की अंधार आणि किंकाळ्या. आमच्या नियतकालिकाकडे येणाऱ्या टिपणांत हे इतक्यांदा दिसतं की त्यावर स्पष्ट बोलायला हवं. दहा मिनिटं कोठडीत उभं राहून तुरुंग कळत नाही. आपण किती हळवे आहोत एवढंच कळतं, आणि त्या समाधानात माणूस घरी जातो. ज्याचं दुःख मांडायला घेतलं होतं, तो त्या खोलीत कुठेच नसतो.

डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या कोची-मुझिरिस बिएनालेत चिलीचे कवी राउल सुरिता यांनी ॲस्पिनवॉल हाउसच्या एका लांबलचक गोदामात समुद्राचं पाणी भरलं होतं. चपला काढायच्या, पँट दुमडायची आणि पाणी तुडवत समोरच्या भिंतीपर्यंत जायचं. दोन्ही बाजूंना अंतराअंतराने छोटे प्रश्न लिहिलेले. शेवटी एक मजकूर, गालिप कुर्दीसाठी. सप्टेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर सापडलेल्या ॲलन कुर्दीचा फोटो जगभर गेला; त्याच दुर्घटनेत बुडालेल्या त्याच्या पाच वर्षांच्या भावाचा, गालिपचा, तसा फोटो जगाने पाहिला नाही. सुरितांनी तिथे नाव उभी केली नाही की चित्र लावलं नाही. पाण्यात पाय घातला की चाल आपोआप मंदावते, शेजारचा हलला की त्याची लाट आपल्या पायाला लागते. एवढ्यावरच त्यांनी भिस्त ठेवली. १९७३ च्या लष्करी उठावानंतर सुरिता स्वतः जहाजाच्या तळाशी डांबले गेले होते. कैदेचा देखावा रचण्याचा अधिकार कुणाला असेल तर तो त्यांना होता. तरीही त्यांनी आपल्याला बुडणाऱ्याच्या जागी बसवलं नाही. आपण जिथे होतो तिथेच, काठावर राहिलेल्यांत ठेवलं, आणि ते अंतर पायांनी चालायला लावलं.

माझं म्हणणं हेच आहे. प्रेक्षकाला पीडिताची भूमिका देऊ नका, त्याला साक्षीदार करा. मांडणशिल्पात प्रेक्षकाचं शरीर आपल्या हाती येतं, ही फार मोठी सत्ता आहे. ती वापरताना त्या शरीराकडून नेमकं काय करून घ्यायचं, हे आधी ठरलं पाहिजे. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांच्या तुरुंगात टाकल्या गेलेल्या १०० कवींवरच्या कामात अंधूक खोलीत १०० मायक्रोफोन लटकतात आणि खाली लोखंडी सळयांनी आरपार भोसकलेले कवितांचे कागद असतात. इथे मायक्रोफोन बोलतात. आपल्याला उरतं ते ऐकणं, वाकून वाचणं.

अमर कंवर यांचं ‘द सॉव्हरिन फॉरेस्ट’ याहून पुढे गेलं. ओडिशातल्या जमिनी, खाणी आणि विस्थापन यांवरचं हे काम २०१२ मध्ये जर्मनीत कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ या कलाप्रदर्शनात दाखवलं गेलं, आणि त्याच वर्षी ते भुवनेश्वरमध्येही उघडलं, ज्यांची जमीन पडद्यावर होती त्यांच्या आवाक्यात. हातकागदाची मोठी पुस्तकं, त्यांच्या पानांवर पडणारा चित्रपट, पान उलटायचं ते प्रेक्षकानेच. भिंतीवर भाताच्या देशी वाणांची अडीचशेहून अधिक बियाणी. आणि गावकऱ्यांना आमंत्रण होतं की आपल्याकडचे कागद, फोटो, वस्तू पुरावा म्हणून आणून ठेवा. काम उभं राहिल्यावरही त्यात भर पडत राहिली. ज्यांच्याविषयी बोलायचं त्यांना उद्घाटनाला बोलावणं वेगळं आणि त्यांना कामात जागा ठेवणं वेगळं.

आता एक गोष्ट, जी टिपणांत जवळजवळ कधीच नसते. खोलीत दिवसभर उभं कोण राहणार? लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २०१० साली आय वेवे यांच्या चिनी मातीच्या १० कोटी सूर्यफूल-बियांवर लोकांना चालू देत होते. धूळ उडून आरोग्याला धोका आहे हे दिसल्यावर काही दिवसांतच ते थांबवावं लागलं. प्रेक्षक पाच-दहा मिनिटांत बाहेर पडतो. पहारेकरी, झाडणारी बाई, प्रोजेक्टर सांभाळणारा मुलगा यांना ती धूळ, ती ओल आणि लूपवर वाजणारी तीच किंकाळी आठ-आठ तास सोसावी लागते. श्रमिकांवरच्या कामात तरी हे आधी ध्यानात यायला हवं. पाळ्या लावा, मास्क द्या, आवाजाची पातळी मोजा, आणि हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या पानावर लिहा.

चंद्रपूरजवळच्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते कोळसा खाणींवर कोळशानेच भिंतींवर चित्रं काढतात. घरच्या पिढ्या खाणीत राबलेल्या. साहित्य आणि विषय त्यांच्यापाशी एकाच ठिकाणाहून आले. प्रत्येकाकडे असं नातं असेलच असं नाही, आणि ते नसताना या विषयांना हात घालू नये असंही मी म्हणणार नाही. पण मग ते नातं जोडायला वेळ द्यावा लागतो, आणि तो निधीच्या अर्जातल्या तीन महिन्यांत बसत नाही. अर्ज मंजूर करणाऱ्या संस्थांनी ही मुदत वाढवावी, अशी आमची जाहीर मागणी आहे. पुढच्या अंकापासून मांडणशिल्पांवरच्या लेखांसोबत आम्ही खोलीचा आराखडा, राबलेल्या सर्वांची नावं आणि काम उतरवल्यावर त्यातल्या वस्तू कुठे गेल्या याची नोंद छापणार आहोत. लेख पाठवताना ही माहिती सोबत जोडावी.