वाचकांची खानेसुमारी

मराठी नियतकालिकांनी, ग्रंथालयांनी आणि मंडळांनी आपापली संकेतस्थळे उभारण्याचा जो उत्साह गेल्या काही वर्षांत दाखविला आहे, तो सर्वस्वी अभिनंदनीय होय. परंतु स्थळ उभे राहिले की चालकांना दोन मोह ग्रासतात. त्यास सापडतील तितकी प्लगिने जोडावयाची, हा एक; आणि सकाळ-संध्याकाळ वाचकांचे आकडे पाहत बसावयाचे, हा दुसरा. यांपैकी दुसरा मोह आम्हास अधिक चिंतेचा वाटतो. तथापि पहिल्याविषयी दोन शब्द आधी लिहिणे प्राप्त आहे.

प्लगिन म्हणजे मूळ यंत्रणेस हात न लावता तिला बाहेरून जोडावयाची पुरवणी. मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी 2003 साली सुरू केलेल्या वर्डप्रेस या मुक्त प्रणालीत 2004 पासून ही सोय आहे, आणि आज तिच्या भांडारात सुमारे 60,000 प्लगिने विनामूल्य मिळतात. फुकट मिळाली म्हणून घरात आणलेली वस्तू कोणी घडविली, तिची डागडुजी कोण करतो, हे विचारण्याची रीत मात्र पडलेली नाही. 2020 च्या सप्टेंबरात ‘फाइल मॅनेजर’ नावाच्या प्लगिनात भगदाड सापडले. ते 7 लाखांहून अधिक स्थळांवर बसविलेले होते. मूळ वर्डप्रेस धडधाकट असतानाही चोर त्या वाटेने आत शिरले. शिवाय पुष्कळ पुरवण्या इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून रचलेल्या असतात. पीएचपी या संगणकभाषेत शब्द मोजण्याचे जे तयार साधन आहे, त्यास देवनागरी अक्षर हे अक्षर वाटतच नाही. त्यावर विसंबून ‘वाचनास लागणारा वेळ’ सांगणारे प्लगिन मराठी अग्रलेख शून्य शब्दांचा ठरविते! खुद्द वर्डप्रेसमध्येही मथळ्यापासून बनणारा लेखाचा पत्ता 200 वर्णांत बसवावा लागतो. देवनागरीचे एकेक चिन्ह, काना-मात्रा धरून, त्यातील 9 वर्ण खाते. म्हणजे 22 चिन्हांच्या सुमारास मराठी मथळा छाटला जातो. पत्ता रोमन लिपीत, आटोपशीर, स्वतःच्या हाताने लिहावा, हा त्यावरचा साधा उपाय.

आता आकड्यांकडे वळू. गूगलने 2005 साली अर्चिन ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी ‘गूगल ॲनालिटिक्स’ सर्वांस खुले केले. पानात चार ओळींचा कोड बसवावयाचा. मग वाचक कोठून आला, त्याने काय उघडले, किती वेळ थांबला, याची वर्दी गूगलच्या दप्तरी जाते. ही माहिती निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणत नाही. एखादा जुना लेख शोधयंत्राच्या वाटेने वर्षानुवर्षे वाचला जात आहे, हे कळले तर संपादक त्यातील शिळा तपशील सुधारील, त्यास नव्या लेखाची जोड देईल. परंतु त्याच दप्तरात ‘भाषा’ असा एक रकाना आहे, आणि तो फार फसवा आहे. वाचकाने कोणत्या भाषेत वाचले, हे तो सांगत नाही. वाचकाचा ब्राउझर कोणत्या भाषेत लावलेला आहे, एवढेच सांगतो. आपल्याकडे मोबाइल बहुधा इंग्रजीतच ठेवलेला असतो. तेव्हा खानापूरच्या गृहस्थाने मराठीची दहा पाने वाचली तरी त्याची नोंद इंग्रजीच्या खाती! गाव ठरते ते इंटरनेट-पत्त्यावरून, आणि मोबाइल कंपनीचा पत्ता दूरच्या शहराचा निघाला तर निपाणीचा वाचक बंगळूरच्या नावावर जमा होतो.

सीमाभागातील माणसास अशा रकान्याचे महत्त्व कोणी शिकवावे असे नाही. 1951 च्या खानेसुमारीतील मातृभाषेच्या आकड्यांवर येथे केवढा वाद झाला, हे सर्वश्रुत आहे. प्रश्न काय विचारला, रकाना कोणी आखला, हे पाहिल्यावाचून आकडा मानावयाचा नाही, हा धडा येथे घरोघर गिरविला गेला आहे. मग जाहिरातदारापुढे ‘आमचे निम्मे वाचक इंग्रजी’ असा कागद ठेवणाऱ्या चालकास तोच धडा का आठवू नये? आणि त्या कागदावर भिऊन मराठी मजकूर कमी करणाऱ्यास काय म्हणावे?

दप्तर परक्याच्या घरी असले की आणखी एक संकट असते. गूगलने जुन्या पद्धतीची मोजणी 1 जुलै 2023 रोजी थांबविली आणि 2024 च्या जुलैपासून जुने आकडे पाहण्याची सोयही बंद केली. ज्यांनी ते उतरवून घेतले नव्हते, त्यांची वर्षांची नोंद गेली. याउलट 2007 साली ‘पिविक’ या नावाने निघालेले आणि 2018 पासून ‘मॅटोमो’ म्हणून ओळखले जाणारे मुक्त साधन स्वतःच्या सर्व्हरवर बसविता येते. वर्डप्रेससाठी त्याचे प्लगिनही आहे. भाषेचा रकाना तेथेही ब्राउझरवरूनच भरतो, हे खरे. पण दप्तर आपल्या कपाटात राहते. वाचकाची भाषा त्याने वाचलेल्या पानावरून धरावी. मग साधन कोणतेही असो.

मोजणीस वाचकाची संमती घेणे हेही आलेच. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात अशी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा, अशी तरतूद आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. तरीही अनेक मराठी स्थळांवर ही पट्टी इंग्रजीतच झळकते. कोणत्यातरी प्लगिनाने ती आयती आणून चिकटविलेली असते. चालकांनी ती या आठवड्यात मराठीत लिहून काढावी. दहा ओळींचे काम आहे.