शहर निवडायचे की महाविद्यालय?

बारावीचा निकाल लागला की चंद्रपुरातील सुशिक्षित घरांतून एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो : नागपूर की पुणे? प्रश्न महाविद्यालयाचा असतो. चर्चा मात्र शहराची होते. मुलाला कोणत्या विषयात गती आहे, त्या विषयाचे अध्यापन कोठे चांगले होते, प्रयोगशाळा कशी आहे, याची चौकशी मागाहून होते आणि पुष्कळदा होतच नाही. खोलीचे भाडे व खानावळीचे दर मात्र दहा ठिकाणी विचारून घेतले जातात. घरात सोयरीक जुळवायची असली म्हणजे आपण जेवढा तपास करतो, त्याच्या निम्मा तरी तपास महाविद्यालयाचा करावा, असे सुचविले तर पालकांनी रागावू नये.

एके काळी या प्रवासाला पर्याय नव्हता. नागपुरात १८८३ साली हिस्लॉप आणि १८८५ साली मॉरिस ही महाविद्यालये निघाली, १९२३ मध्ये तेथे विद्यापीठ झाले, आणि चांद्याच्या मुलाला पदवी हवी असल्यास नागपूरची वाट धरणे भागच होते. आज ती स्थिती राहिलेली नाही. चंद्रपुरात १९९६ पासून शासकीय अभियांत्रिकी व २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांसाठी २०११ साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि २०२४ मध्ये तेथेही वैद्यकीय शिक्षणाची सोय झाली. याचा अर्थ घरचे तेवढे उत्तम असा नव्हे. ज्या विषयाचे चांगले शिक्षण येथे मिळत नाही, त्यासाठी मुलांनी खुशाल दूर जावे. आमचा आक्षेप जाण्याला नाही, न पाहता जाण्याला आहे.

पाहायचे ते स्नेहसंमेलनाच्या दिवशी नव्हे, एखाद्या साध्या मंगळवारी पाहावे. सकाळी अकरा वाजता ग्रंथालयात कोण बसले आहे? पुस्तके हाती मिळतात की कपाटांना कुलुपे आहेत? प्रयोगशाळेतील काचपात्रांवर वापराचे डाग आहेत की धूळ? मंजूर पदांपैकी किती पदे भरलेली आहेत आणि किती विषय तासिका तत्त्वावर ढकलले जात आहेत? दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून गेल्या आठवड्यात किती तास प्रत्यक्ष झाले एवढे जरी विचारले, तरी माहितीपुस्तिकेच्या गुळगुळीत पानांपेक्षा अधिक कळते. नॅकला सादर केलेला स्वयंमूल्यांकन अहवाल महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर असतो. श्रेणीचे अक्षर पाहून पालक समाधान मानतात. वाचायचे असते ते अध्यापकांच्या संख्येचे पान.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे या पानाचे महत्त्व वाढले आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून या धोरणाप्रमाणे पदवीचा नवा आराखडा लागू झाला. मुख्य विषयाच्या जोडीला दुय्यम विषय, अन्य शाखेतील ऐच्छिक विषय, क्षेत्रीय प्रकल्प, एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चौथ्या वर्षी ऑनर्स, असा तो विस्तृत पट आहे. कागदावर निवड मोठी आहे; परंतु शिकविणारेच नसतील तर विद्यार्थ्याने निवडायचे काय?

आता या प्रश्नाची दुसरी, अधिक गंभीर बाजू. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा येथील विद्यार्थ्यापुढे नागपूर की पुणे हा प्रश्नच नसतो. ज्या गावी डोक्यावर छप्पर मिळेल, तेथील महाविद्यालय त्याचे. आठ लाखांहून कमी वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क शासनाने २०२४ मध्ये माफ केले, हे योग्यच झाले. परंतु शुल्क माफ झाले म्हणून खोलीचे भाडे व जेवणाचा खर्च माफ होत नाही. त्यात प्रवेशाचे दिवस म्हणजे नेमके पावसाळ्याचे दिवस. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटावा, हे वर्षानुवर्षे घडत आले आहे. प्रवेशाची अंतिम तारीख मात्र नदीची पातळी पाहून ठरत नाही. जात वैधता प्रमाणपत्रासारखा एखादा कागद त्या आठवड्यात कमी पडला, तर गुण असूनही जागा हातची जाते.

या दोन बाजूंचा एकमेकींशी संबंध नाही, असे शहरातील वाचकांस वाटत असेल तर तो भ्रम आहे. वकील, डॉक्टर, अधिकारी, प्राध्यापक यांची मुले ज्या महाविद्यालयात शिकतात, तेथे एखादे पद वर्षभर रिकामे राहिले तर आरडाओरड होते, शिष्टमंडळे जातात, वृत्तपत्रांकडे पत्रे येतात. ती मुले गेली की मागे उरतात ती ज्यांचे पालक प्राचार्यांच्या दारापर्यंतही पोचू शकत नाहीत अशी मुले. मग पद रिकामे राहते आणि कोणी विचारीत नाही. स्थानिक महाविद्यालय वाईट म्हणून आपण मुले बाहेर धाडतो, की आपण धाडतो म्हणून ते वाईट होते, याचा विचार येथील मध्यमवर्गाने एकदा करावा.

त्यात मुलांचेही नुकसान होते. महाविद्यालयात नाव घालायचे आणि दिवस खाजगी शिकवणीत काढायचा, ही रीत आता रूढ झाली आहे. अशा विद्यार्थ्याला वर्गमित्र नसतात, स्पर्धक असतात. वनस्पतिशास्त्र घेतलेल्या शहरी विद्यार्थ्याच्या शेजारी माडिया किंवा गोंडी घरातून आलेला विद्यार्थी बसला, तर झाडाचे लॅटिन नाव एकाकडून व त्याचा उपयोग दुसऱ्याकडून, अशी देवघेव सहज होऊ शकते. मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले. ग्रामसभा जंगलाचा कारभार कसा पाहते, हे समजून घ्यायला अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुण्याहून मुद्दाम यावे लागते, गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला फक्त बसचे तिकीट काढावे लागते. वरोऱ्याचे आनंद निकेतन महाविद्यालय १९६४ मध्ये उभे राहिले, ते आनंदवनातील कुष्ठमुक्तांच्या श्रमांतून. ज्या समाजाने त्यांना वेशीबाहेर ठेवले, त्याच समाजाच्या मुलांसाठी. तेथे शिकणाऱ्याने त्या भिंतींकडे निदान एकदा थांबून पाहिले पाहिजे.

शासनाकडे आमचे मागणे मोठे नाही. वसतिगृहांच्या याद्या महाविद्यालयीन प्रवेशाच्या याद्यांबरोबरच लागाव्यात. त्या मागाहून लागल्या तर दूरच्या विद्यार्थ्याने मधले दिवस कोठे काढावेत? वैधता प्रमाणपत्राची प्रकरणे विद्यार्थी अकरावीत असतानाच हाती घ्यावीत. पुरामुळे संपर्क तुटलेल्या तालुक्यांतील विद्यार्थ्यांना पाणी ओसरेपर्यंत मुदत देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या अहवालावर मिळावा. आणि विद्यापीठाने प्रत्येक संलग्न महाविद्यालयातील भरलेल्या व रिकाम्या पदांचा विषयवार तक्ता निकालाच्या आधी, मे महिन्यापूर्वीच, जाहीर करावा.