दाढदुखी हाही बाईच्या आरोग्याचा प्रश्न आहे



वस्तीत आरोग्याच्या बैठकीला बसले की बायका आपली दुखणी हळूहळू सांगू लागतात. अंगावरून पांढरे जाते, कंबर धरते, चक्कर येते, पाळीत फार जाते. आपण होऊन “माझी दाढ दुखते” असे मात्र सहसा कुणी सांगत नाही. मुद्दाम विचारले की उत्तरे येतात. “ती तर दुखतेच.” “लवंग धरते दाताखाली.” “काढायचीय, पण सवड कुठाय?” दाढदुखी हा आजार आहे असे बाईला वाटत नाही, कारण तिच्या भोवतीच्या कुणालाच तसे वाटत नाही.

घरातल्या खर्चाची एक उतरंड असते. आधी कमावत्या पुरुषाचे दुखणे, मग मुलांचे, मग म्हाताऱ्यांचे, शेवटी बाईचे. बाईच्या दुखण्यांतही पुन्हा उतरंड आहे आणि तिच्या तळाशी दात आहेत. दाढेने कुणी मरत नाही, ही त्यामागची समजूत. ती खरी नाही. तिची किंमत बायका शरीराने मोजतात, म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

दात किडतो म्हणजे काय होते ते आधी पाहू. दातावर चिकटून राहणाऱ्या थरातले जंतू साखर-पिठुळ अन्नावर जगतात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताचे कठीण कवच झिजते, खड्डा पडतो. खड्डा आतल्या नाजूक भागापर्यंत, म्हणजे रक्तवाहिन्या आणि नसा असतात तिथपर्यंत गेला की ठणका सुरू होतो. मग एक दिवस ठणका अचानक थांबतो. बाई म्हणते, बरे झाले, आपोआप गेले. बऱ्याचदा घडलेले असते उलटेच. आतली नस मरून गेलेली असते, म्हणून दुखत नाही. जंतू मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरत असतात. तिथे पू साठतो, गळू होते आणि तो पू बाहेर पडायला वाट शोधतो.

ही वाट कुठे जाईल ते सांगता येत नाही. कधी हिरडीवर पुटकुळी येऊन फुटते आणि तेवढ्यावर भागते. खालच्या दाढांचा पू जिभेखाली आणि हनुवटीखाली उतरला तर मानेला दगडासारखी सूज येते, जीभ वर उचलली जाते आणि श्वासाची वाट बंद होऊ शकते. वरच्या दातांचा संसर्ग गालातून डोळ्याकडे, क्वचित मेंदूपर्यंतही पोहोचतो. २००७ साली अमेरिकेतील मेरीलँड राज्यात बारा वर्षांचा एक मुलगा असाच गेला. त्याच्या किडलेल्या दाढेतले जंतू मेंदूपर्यंत गेले होते. मेंदूवर दोन शस्त्रक्रिया झाल्या, अडीच लाख डॉलरच्या घरात खर्च झाला, तरी तो वाचला नाही. ती दाढ वेळेवर काढायला सुमारे ऐंशी डॉलर लागले असते. त्याची आई गरीब होती आणि सरकारी योजनेतल्या रुग्णाला तपासायला तयार होईल असा दातांचा डॉक्टर मिळवताना तिची दमछाक झाली होती. श्रीमंत देशातही दातांचा प्रश्न शेवटी गरिबीशी आणि आईच्या धावपळीशीच येऊन थांबतो.

दुसरा मार्ग संथ आहे. हिरड्यांचा आजार बहुधा दुखत नाही. दात घासताना रक्त येते, तोंडाला वास येतो, दात हलू लागतात, इतकेच. पण सुजलेल्या हिरडीतून, चावताना किंवा दात घासताना, जंतू थोडे थोडे रक्तात शिरत राहतात. निरोगी शरीर त्यांचा लगेच बंदोबस्त करते. ज्यांच्या हृदयाची झडप आधीच खराब आहे, त्यांच्या बाबतीत हे जंतू झडपेवर ठाण मांडू शकतात. लहानपणी सांधेताप होऊन झडप खराब झालेल्या तरुण बायका आपल्याकडे गरीब वस्त्यांमध्ये पुष्कळ आहेत. कित्येकींना ते पहिल्या बाळंतपणात दम लागतो तेव्हाच कळते. झडपेवरचा हा संसर्ग जीवघेणा असतो. म्हणून अशा बाईने दात आणि हिरड्या जपायलाच हव्यात, आणि दातांच्या डॉक्टरला हृदयाचे दुखणे आधी सांगायला हवे. ज्यांची झडप बदललेली आहे किंवा ज्यांना हा संसर्ग पूर्वी होऊन गेला आहे, त्यांना दात काढण्यापूर्वी अँटिबायोटिकचा डोस द्यावा लागतो.

मधुमेहाचे आणि हिरड्यांचे नाते दुहेरी आहे. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्यांत सतत दाह राहिला की साखर आटोक्यात राहत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केले तर रक्तातली साखर थोडी का होईना उतरते, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. मधुमेहाच्या तपासणीला येणाऱ्या बाईला पाय दाखवायला सांगतात, ते योग्यच आहे. तोंड उघडून दाखव असेही सांगायला हवे.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड-अमेरिकेत अनेक डॉक्टरांनी जवळजवळ प्रत्येक आजाराचे मूळ दातांत शोधले आणि चांगले दातही सरसकट उपटले. न्यू जर्सीतल्या ट्रेंटन येथील मनोरुग्णालयात तर वेडावर उपाय म्हणून रुग्णांचे दात काढले गेले, आतड्याचे तुकडे कापले गेले. पुढे हा सिद्धांत कोसळला. तेव्हा संधिवातापासून वांझपणापर्यंत सारे दातामुळे, असे कुणी सांगत आले तर विश्वास ठेवू नका.

गरोदरपणाबद्दलही असेच नेमके बोलायला हवे. हिरड्यांचा आजार असलेल्या बायकांमध्ये अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे जास्त आढळतात, असे १९९६ पासून अनेक अभ्यासांनी दाखवले. पण २००६ साली अमेरिकेत ८२३ गरोदर बायकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, गरोदरपणात हिरड्यांवर उपचार केल्याने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे कमी झाली नाहीत. त्याच चाचणीत दुसरी गोष्टही स्पष्ट झाली. या उपचारांनी आईला किंवा बाळाला इजा होत नाही. आपल्या दृष्टीने हे मोलाचे आहे, कारण “पोटुशी आहेस, आता दाताला हात लावायचा नाही” असे म्हणून बाईला नऊ महिने ठणक्यात ठेवले जाते. चौथा ते सहावा महिना उपचाराला सोयीचा, आणि पू झाला असेल तर कोणत्याही महिन्यात थांबू नये. उलट दुकानातून मागून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याच गरोदरपणात धोक्याच्या ठरू शकतात. प्रत्येक बाळंतपणाला एक दात जातो, हेही खरे नाही. बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेत नाही. ओकाऱ्यांमुळे तोंडात आम्ल येते, संप्रेरकांच्या बदलाने हिरड्या सुजतात आणि दमलेल्या बाईची स्वतःची निगा राहून जाते. दात त्यामुळे जातात.

बाईचा आणखी एक सोबती म्हणजे मिश्री. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासायला म्हणून हातात येते आणि सुटत नाही. ठणका बधिर होतो, भूक मरते, कामाला उभारी येते. ज्या बाईला विश्रांती नाही, पोटभर जेवण नाही, डॉक्टर नाही, तिला हे तिन्ही मिळाल्याचा भास होतो. म्हणून “मिश्री वाईट, सोडा” एवढ्या भाषणाने ती सुटत नाही. पण वस्तुस्थिती सांगितलीच पाहिजे. तंबाखूने हिरड्या खराब होतात, तोंडाचा कॅन्सर होतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांच्या अभ्यासात तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. त्यांतल्या बहुतेकींची तंबाखू म्हणजे मिश्रीच होती.

आणि सारे दात किडूनच जातात असेही नाही. आपल्या केंद्रांवर येणाऱ्या बायकांचे तुटलेले पुढचे दात कशाने तुटले, हे आपल्याला ठाऊक असते. “नळावर पाय घसरला” हे उत्तरही ठाऊक असते. मारहाणीत तुटलेला दात तसाच राहिला की आतली नस उघडी पडते आणि वर सांगितलेला पुवाचा प्रवास सुरू होतो. म्हणून त्यावर उपचार हवेत, आणि नोंदही हवी. हाड किंवा दात मोडणे, निखळणे ही कायद्याने साधी नव्हे तर जबर दुखापत आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये ती होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्येही आहे. सरकारी दवाखान्यात दुखापतीच्या कागदावर दात तुटल्याचे लिहून घेण्याचा आग्रह धरा. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम २० नुसार उपचाराचा खर्चही मागता येतो.

दात गेले की ताटही बदलते. दाणे, कडक भाकरी, कच्ची कांदा-काकडी, मोडाची उसळ हळूहळू सुटते आणि चहात बुडवलेल्या पावावर दिवस निघतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याची कारणे पुष्कळ आहेत. पण तिला लोहाच्या गोळ्या आणि पालेभाजी-कडधान्यांचा सल्ला देताना, तुला चावता येते का, हे कोण विचारते?

न विचारण्यामागे एक दृष्टी आहे. सरकारी आरोग्यसेवेने बाईकडे वर्षानुवर्षे गर्भाशयाच्या अंगाने पाहिले. बाळंतपण आणि नसबंदी यांपलीकडची बाई तिला फारशी दिसली नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया गाजल्या. ज्या बाईला खाडा पडला तर पैसे कापले जातात, ती दाढेसाठी तालुक्याला चार फेऱ्या कशी मारील? गर्भाशय काढायला खासगी दवाखाना तयार असतो. दाढ मात्र फडातच ठणकत राहते.

कागदावर सोय नाही असे नाही. २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांनी द्यायच्या सेवांच्या यादीत तोंडाच्या आरोग्याचाही समावेश आहे. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. पण त्यांतली बहुतेक खासगी, तिथून बाहेर पडणारे डॉक्टर शहरात, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दातांची खुर्ची सहसा नसतेच. आरोग्य विम्यातूनही दातांचे रोजचे उपचार बहुधा वगळलेले असतात. मग दात वाचवणारा रूट कॅनाल परवडत नाही आणि बाई दात काढूनच घेते. तेही नाही जमले तर मेडिकलवाल्याकडून चार गोळ्या. गोळीने ठणका थांबतो, पू तिथेच राहतो. अँटिबायोटिकही दाताची नीट सफाई झाली नाही, पूला वाट मिळाली नाही, तर अर्धवटच काम करते.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची जी तपासणी होते, तीत तोंडाची तपासणी झालीच पाहिजे. मधुमेहाच्या तपासणीतही तोच नियम हवा. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दातांचा डॉक्टर आणि चालू स्थितीतली खुर्ची हवी, आणि तिथे दात काढण्याबरोबर दात वाचवण्याचीही सोय हवी. सरकारी विमा योजनांत रूट कॅनाल आणि कवळी बसली पाहिजे. साखर कारखान्यांनी हंगामात फडावर दातांचे फिरते पथक आणावे.

तोवर आपल्या गटात एवढे करू. दाढ काढली की डोळे जातात ही भीती खोटी आहे, हे सांगू. कानातून दाढेचा किडा काढून दाखवणाऱ्यांना पैसे देऊ नका, हेही सांगू. रात्री झोपताना फ्लोराइडच्या पेस्टने दात घासण्याची सवय मुलींबरोबर आयांनाही लावू. आणि पुढील खुणा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावू: गालाची सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे पसरणे, ताप, तोंड न उघडणे, गिळता न येणे, श्वासाला त्रास. यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यायचे. शेक द्यायचा नाही, सकाळची वाट पाहायची नाही, आणि घरातल्या पुरुषाच्या परवानगीसाठी तर मुळीच थांबायचे नाही.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटाने एक साधी यादी करावी. किती जणींना दाढदुखी आहे, किती दिवसांपासून, आणि कशामुळे दवाखान्यात जाता आले नाही. नावे नकोत, कारणे हवीत. त्या याद्या आमच्याकडे पाठवा. त्या हातात घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊ या.