पडदा रंगवणारे हात आपलेही हवेत

बारावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यात ठरलेली चर्चा सुरू होते. मार्क चांगले असतील तर नीट, नाहीतर फार्मसी, डी.एड., आयटीआय. काहीच जमलं नाही तर अब्बांचं दुकान किंवा गल्फचा व्हिसा. वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढत बसणाऱ्या मुला-मुलींचा या यादीत कुठेच नंबर लागत नाही.

मी गेली 11 वर्षं मुंबईत व्हीएफएक्सच्या क्षेत्रात कंपोझिटर म्हणून काम करतो. त्या अनुभवावरून माझं मत स्पष्ट आहे. हे शिक्षण आपल्या मुलांनी जरूर घ्यावं, पण जाहिरात बघून नाही, काम समजून घेऊन.

आधी काम काय असतं ते पाहू. सेटवर खोटा पाऊस पाडणं किंवा स्फोट घडवणं हे स्पेशल इफेक्ट्स. चित्रीकरण झाल्यावर कॉम्प्युटरवर जे केलं जातं ते व्हिज्युअल इफेक्ट्स, म्हणजे व्हीएफएक्स. सिनेमात एका सेकंदाला 24 फ्रेम असतात, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटमध्ये 120. प्रत्येक फ्रेममध्ये माणसाची कड नेमकी आखून त्याला मागच्या दृश्यापासून वेगळं काढणं म्हणजे रोटो. नायकाला बांधलेली तार पुसणं म्हणजे पेंट. कॅमेरा कसा हलला याचा हिशोब लावणं म्हणजे मॅचमूव्ह. शेवटी हे सगळे तुकडे असे जोडायचे की सावली, धूसरपणा, प्रकाशाची दिशा कुठेच खटकू नये. ते काम कंपोझिटरचं.

हॉलिवूडचं रोटो, पेंट आणि मॅचमूव्हचं बरंच काम भारतात येतं आणि नव्या मुलांना पहिली नोकरी बहुतेक वेळा तिथेच मिळते. कष्ट खूप आणि सुरुवातीचा पगार बेताचा. डेडलाइन आली की रात्रपाळी ठरलेली. घरात हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

या धंद्यात स्थैर्य कमी आहे, हेही लपवू नये. 'लाइफ ऑफ पाय'ला 2013 मध्ये व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. त्याचं मुख्य काम करणाऱ्या रिदम अँड ह्यूज या कंपनीने त्याच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला होता. तिचे स्टुडिओ मुंबई आणि हैदराबादलाही होते. 2023 मध्ये हॉलिवूडमधले लेखक आणि अभिनेते संपावर गेले, तेव्हा इथल्या स्टुडिओंतलं काम आटलं. 2025 च्या फेब्रुवारीत टेक्निकलर हा मोठा समूह कोसळला आणि भारतातल्या कर्मचाऱ्यांनाही घरी बसावं लागलं. आता रोटोसारखी कामं एआय करू लागलं आहे. त्यामुळे फक्त सॉफ्टवेअरची बटणं पाठ केलेल्या मुलाची जागा सगळ्यात आधी जाणार.

मग टिकतो कोण? ज्याची नजर तयार आहे तो. म्हणूनच 'शंभर टक्के नोकरी'चा बोर्ड लावणाऱ्या संस्थेत लाखांची फी भरण्याआधी, त्यासाठी अम्मीचे दागिने गहाण टाकण्याआधी, सहा महिने घरी स्वतःला तपासून बघा. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे. न्यूक आणि हूडिनीच्या शिकण्यासाठीच्या आवृत्त्याही फुकट मिळतात. शाळेत असाल तर एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षा द्या. पुढे जे.जे., एनआयडी किंवा आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागाच्या प्रवेश परीक्षांची माहिती काढा. खासगी संस्थेत जायचंच असेल, तर तिथल्या मागच्या दोन वर्षांतल्या मुलांचे शोरील मागून बघा. नोकरी देताना स्टुडिओ बहुधा तुमचा शोरील बघतो. आडनाव, कॉलेज, इंग्रजीचा उच्चार या गोष्टी त्यापुढे मागे पडतात. आपल्या मुलांसाठी ही लहान गोष्ट नाही.

काही घरांत चित्र काढण्यालाच धार्मिक आक्षेप असतो. यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही. पण मुलाला गप्प बसवण्यापेक्षा त्याच्याशी बोलावं. हातातल्या मोबाइलवर दिवसभर व्हिडिओ बघणाऱ्या घराने 'हे आपलं काम नाही' एवढंच म्हणून विषय संपवू नये. 11व्या शतकात कैरोमध्ये इब्न अल-हैसम यांनी प्रकाश आणि दृष्टी यांवर 'किताब अल-मनाझिर' लिहिलं. जलशांत आपण त्यांचं नाव अभिमानाने घेतो. त्यांच्याच विषयात आपली मुलगी करिअर करू म्हणाली, की मात्र आपल्या कपाळाला आठ्या पडतात.

आपल्यापुढे याहून लांबचं उदाहरण असायची गरज नाही. मालेगावात यंत्रमागाच्या खडखडाटात नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी तुटपुंज्या पैशांत, हिरव्या पडद्याच्या मदतीने आपला सुपरमॅन आकाशात उडवला. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटामुळे ती धडपड जगभर पोचली. हुन्नर आपल्या गल्लीत आहेच, त्याला शिक्षणाची जोड नाही.

नोकरीपलीकडचं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आज खोट्या व्हिडिओने गावात दगडफेक होऊ शकते. कुठला तरी जुना व्हिडिओ नव्या आवाजासह फिरतो, चेहरा एकाचा आणि धड दुसऱ्याचं असतं, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा गरीब वस्ती मोजते. अशा वेळी 'हे खोटं आहे' असं ओरडून भागत नाही. सावली उलट्या बाजूला कशी पडली, कड कुठे थरथरते, ओठ आणि आवाज कुठे जुळत नाहीत, हे दाखवून देणारा माणूस लागतो. दृश्य बनवायला शिकलेला माणूस बनावट दृश्य ओळखायलाही शिकतो. अशी दोन-चार मुलं प्रत्येक शहरात असली, तर पत्रकारांना, वकिलांना आणि पोलिसांनाही त्यांचा उपयोग होईल.

पडद्यावर आपला मोहल्ला नेहमी धुरकट, पिवळट आणि संशयास्पद का दिसतो, असं आपण विचारतो. रोटो करणारा मुलगा ते बदलू शकणार नाही, कारण गोष्ट लेखक-दिग्दर्शक ठरवतात. पण सुपरवायझरच्या खुर्चीपर्यंत पोचलेला माणूस बोलू शकतो, आणि हुन्नर हातात असलेला माणूस स्वतःची गोष्ट स्वतः सांगू शकतो.

म्हणून शिष्यवृत्ती देणाऱ्या आपल्या ट्रस्टांना आणि जमातींना विनंती आहे. डॉक्टर-इंजिनियरच्या अर्जांसोबत चित्रकला, ॲनिमेशन, व्हीएफएक्सचे अर्जही मागवा. मोहल्ल्याच्या वाचनालयात एक बऱ्यापैकी कॉम्प्युटर ठेवा आणि मुलींसाठी त्याची वेळ राखून ठेवा. आणि मित्रांनो, तुम्ही यंदाच्या सुट्टीत पाच सेकंदांचा एक शॉट तरी पूर्ण करा. 120 फ्रेम संपेपर्यंत कंटाळा आला नाही, तर हे काम तुमचं आहे असं खुशाल समजा.